शेजारधर्म आणि हातमोजे



२०२१ च्या एप्रिल महिन्यात आपल्या धर्मग्रामाची जीप दिवसरात्र फिरत होती, हे तुम्हाला आठवत असेल. सरकारी गाडी दोन तालुक्यांच्या फेऱ्यांत अडकलेली, पाड्यापाड्यांत ताप, आणि मोठ्या रुग्णालयात न्यायचे तर घाट उतरून नाशिक गाठावे लागत होते. आपण जीपचे मागचे बाक काढले, गादी टाकली आणि तिलाच रुग्णवाहिका केले. पाच तरुण पुढे आले. चर्च बंद होते, म्हणून मी त्यांना अंगणात उभे करून आशीर्वाद दिला, प्रत्येकाच्या गळ्यात जपमाळ घातली आणि रविवारी मोबाईलवरून दिलेल्या प्रवचनात त्यांच्या धैर्याची तोंड भरून स्तुती केली. त्यांच्याजवळ कापडी मास्क होते. हातमोजांची दोन पाकिटे कुणीतरी दिली होती, ती चौथ्या दिवशी संपली. त्यानंतर मुलांनी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या.

तीन आठवड्यांनी त्यांतल्या एकाचे वडील वारले. दफनभूमीत आम्ही चौघेच होतो. प्रार्थना संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि खाली बघत म्हणाला, “फादर, मीच आणलं का ते घरी?”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “देवाची इच्छा, बाळा.” सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाने इतके पोकळ उत्तर द्यावे याची मला आजही लाज वाटते. त्याच्या प्रश्नाला ते उत्तरच नव्हते. आज, काही वर्षे उलटल्यावर, त्याच्या परवानगीने मी तो प्रश्न आपल्या सर्वांपुढे मांडतो आहे.

प्रथम त्याला उत्तर देतो. आजार त्यानेच घरी आणला की नाही हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्या दिवसांत वडील बाजारात गेले होते, रेशन दुकानासमोर रांगेतही उभे होते. पण समजा, आजार त्याच्याच हातून आला. तरीही कारण असणे आणि दोषी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नीतिशास्त्रात आम्हाला अज्ञानाचे दोन प्रकार शिकवले होते. एक अज्ञान असे की जे माणसाने कितीही प्रयत्न केला तरी दूर झाले नसते. दुसरे असे की जे थोडी चौकशी केली असती तर दूर झाले असते. पहिल्याने दोष जातो, दुसऱ्याने जात नाही. वीस वर्षांचा तो मुलगा, त्याला आम्ही सांगितले तेवढेच ठाऊक. पण मला? माझ्याजवळ फोन होता. ओळखीचे डॉक्टर होते, धर्मभगिनींचा दवाखाना होता. “मुलांना पाठवतो आहे, त्यांना काय काय लागेल?” एवढे मी विचारू शकलो असतो. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर जीप दोन दिवस थांबवावी लागली असती, आणि दरम्यान माणसे तडफडत होती. हे कारण खरे आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करायला हवी. हातमोजे मागणे मला श्रद्धेच्या कमतरतेसारखे वाटत होते.

आपल्या ख्रिस्ती मनात हा समज फार खोल रुजलेला आहे. रोग्याला उघड्या हाताने स्पर्श करणारा तो संत, आणि अंतर ठेवणारा तो भित्रा, असे आपण मानतो. संत अलॉयसियस गोन्झागा १५९१ साली रोममध्ये साथीच्या रोग्यांना उचलून नेताना स्वतः आजारी पडले आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी देवाघरी गेले. फादर डेमियन १८७३ मध्ये मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये राहायला गेले, स्वतः कुष्ठरोगी झाले आणि १८८९ मध्ये तेथेच वारले. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. आणि आपल्या महाराष्ट्रातच, १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात पोचवले. मुलगा वाचला असे सांगतात; सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. ग्रामीण रुग्णवाहिका म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी हेच चित्र दाखवीन. गाडी नाही, रस्ता नाही, एका बाईची पाठ.

परंतु या थोर व्यक्तींबद्दल एक गोष्ट आपण विसरतो. त्यांच्यासमोर साधन होते आणि त्यांनी ते नाकारले, असे घडलेले नाही. अलॉयसियसच्या काळात साथ कशाने पसरते हेच कोणाला ठाऊक नव्हते. डेमियन गेले तेव्हा कुष्ठरोगावर औषध नव्हते. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत स्वतःला टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ रोजी, म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूच्या अवघे दोन महिने आधी. त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या: जाणे किंवा न जाणे. त्या गेल्या. आज आपल्यासमोर तिसरी वाट आहे, तयारीने जाण्याची. ती वाट असताना आपण आपल्या मुलांना सावित्रीबाईंच्या पाठीचे उदाहरण देऊन रिकाम्या हाताने पाठवतो, तेव्हा आपण त्यांचे अनुकरण करत नसतो. त्यांच्या नावाने आपला हातमोजांचा खर्च वाचवत असतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात धैर्याविषयी लिहिताना भीतीला दोष मानले आहे, हे सर्वांना अपेक्षितच असते. पण लगेच पुढच्याच प्रश्नात ते भीतीच्या अभावालाही दोष मानतात. ज्याची भीती बाळगायला हवी त्याची भीती न वाटणे हे धैर्य नव्हे. ते कधी अहंकारातून येते, कधी जडबुद्धीतून, तर कधी स्वतःच्या जिवाविषयीच्या प्रेमाच्या अभावातून. विद्यार्थिदशेत मी हा भाग परीक्षेपुरता वाचला होता. तो कशासाठी लिहिला आहे हे जीपमुळे कळले. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी मारायला सांगितले, देवदूत झेलतील असे वचनही दाखवले. प्रभूने नकार दिला आणि देवाची परीक्षा पाहायची नसते असे बजावले. येशूला मरणाची भीती होती म्हणून त्याने उडी नाकारली, असे कोणी म्हणेल काय?

आता एक कठीण उदाहरण देतो. आपल्याच ख्रिस्तसभेतील आहे, म्हणून सांगताना जड जाते. १९७६ साली आफ्रिकेतील झैर देशात (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) यांबुकू नावाच्या खेड्यात बेल्जियन धर्मभगिनींचे मिशन रुग्णालय होते. डॉक्टर नव्हता. रोज शेकडो रोगी येत, आणि दिवसभरासाठी पाच सिरिंजा काढलेल्या असत. त्याच सुया साध्या पाण्यात खळबळून पुन्हा वापरल्या जात. एबोला नावाचा रोग तेव्हा कोणालाच माहीत नव्हता, आणि तो त्या सुयांमधून पसरला. ३१८ जण आजारी पडले, २८० मेले. रुग्णालयाच्या १७ सेवकांपैकी ११ जण मृत्युमुखी पडले, त्यांत धर्मभगिनीही होत्या. त्या भगिनींच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचा मला अधिकार नाही; त्यांनी घरदार सोडले ते रोग्यांसाठीच. पण प्रेमाने सुई निर्जंतुक होत नाही. १९९५ मध्ये त्याच देशात किक्वित येथे तोच रोग पुन्हा आला, तेव्हा बेर्गामोच्या सहा इटालियन भगिनी सेवा करताना मरण पावल्या. त्या साथीत सुमारे चौथा हिस्सा रोगी हे आरोग्यसेवकच होते. हातमोजे, गाऊन, मास्क आणि ते वापरण्याचे शिक्षण पोचल्यावर सेवकांमधील लागण जवळजवळ थांबली. मदत करणाऱ्याला वाचवणारी वस्तूच रोग्यालाही वाचवते हे तेथे दिसले, कारण ज्याचे हात उघडे असतात तोच रोग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेतो.

हे आपल्या डोंगराला कसे लागू पडते? एबोला आपल्याकडे नाही. पण क्षयरोग आहे, आणि जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. आपल्याकडे रोग्याला अजूनही झोळीत घालून चौघे जण पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. तेथे गाडी येते. २०१४ पासून १०८ ची सेवा सुरू झाली. आरंभी साऱ्या महाराष्ट्रासाठी तिच्या ९३७ गाड्या होत्या, त्यांत चालकाबरोबर डॉक्टर असतो. बाळंतिणींसाठी १०२ ची गाडी येते, तिच्यात आपल्या भागात बहुतेक वेळा चालक एकटाच असतो. तोच गाडी चालवतो, तोच बाईला उचलतो, वाटेत बाळंत झाली तर तोच आणि बरोबरची आशाताई दोघे मिळून निभावतात, आणि नंतर गाडी तोच धुतो. बंद काचांच्या गाडीत खोकणाऱ्या माणसाबरोबर दोन-अडीच तास काढणारे हे लोक आहेत.

मी काही चालकांशी बोललो. रक्ताची भीती सर्वांना वाटते, हवेची कोणाला वाटत नाही. खरे तर दोन्ही संभाळायला हवे. वापरलेली सुई टोचली आणि रोग्याला एच.आय.व्ही. असेल, तर लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, म्हणजे तीनशेत एक. कावीळ ब असेल तर तीच शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्या काविळीवर तीन डोसांची लस आहे: पहिला डोस, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. अशी लस असते हेच काहींना माहीत नव्हते. क्षयरोगासाठी महागडे काहीच लागत नाही: गाडीच्या काचा उघड्या, रोग्याच्या तोंडावर साधा मास्क, आणि सेवकाच्या तोंडावर एन-९५, तोही नाकावर नीट बसलेला. दाढी राखली तर तो बसत नाही, हे ऐकून आपल्या तरुणांचे चेहरे पडले होते!

सर्वात मोठी चूक मात्र सगळे, मीसुद्धा, करत होतो. हातमोजे घालून रोग्याला उचलायचे, आणि त्याच हातांनी गाडीचे दार, स्टिअरिंग, मोबाईल, तंबाखूची पुडी. हातमोजा म्हणजे कवच अशी समजूत असते. पण तो काढला नाही, काढून पिवळ्या किंवा लाल पिशवीत टाकला नाही आणि हात साबणाने धुतले नाहीत, तर तो उघड्या हातापेक्षा वाईट, कारण उघडा हात निदान आपण घाण झाला असे समजून धुतो.

आता एक प्रसंग. गेल्या पावसाळ्यात मी एका आजींना तैलाभ्यंग द्यायला गेलो होतो. त्याच वेळी गाडी आली. चालकाने मास्क लावला, हातमोजे चढवले. आजींनी तोंड फिरवले आणि म्हणाल्या, “मला विटाळ झाला काय?” ज्यांच्या आजा-पणज्यांना दुरून पाणी वाढले गेले, त्यांना रबरी हाताचा अर्थ वेगळा वाटणार. पुस्तकात याचा उल्लेख नसतो, पण आपल्या देशात हा प्रश्न खरा आहे. चालक क्षणभर थांबला आणि म्हणाला, “नाही गं मावशी, मलाच सर्दी झालीय. तुला लागू नये म्हणून लावलंय.” आजी हसल्या आणि त्यांनीही मास्क लावून घेतला. त्याला सर्दी नव्हती, हे मला दिसत होते. हे खोटे बोलणे ठरते का, यावर सेमिनरीत आम्ही एक तास भांडलो असतो. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग पूर्णपणे खरा होता. मास्क दोघांसाठीच असतो, आणि दुर्बल देहाच्या आजींना त्याच्यापासून जास्त धोका होता.

त्या दिवशी मीही तेल कापसाच्या बोळ्याने लावले. काहींना ते रुचले नाही, त्यांनी नंतर विचारले. त्यांच्यासाठी सांगतो: ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेच्या १००० व्या नियमात धर्मगुरूने आपल्या हाताने अभ्यंग करावे असे म्हटले आहे, आणि त्याच नियमात गंभीर कारण असल्यास साधन वापरण्याची मुभाही दिली आहे. मी एका दिवसात चार घरी जातो. एका आजाऱ्याकडून दुसऱ्याकडे मी तेलाबरोबर आणखी काही नेऊ नये, हे कारण मला पुरेसे गंभीर वाटते. कापसाच्या बोळ्याने संस्कार उणा होत नसेल, तर रबरी मोजाने शेजारधर्म कसा उणा होईल?

चालकाने नकार द्यावा का, हा प्रश्न मला एकाने सरळ विचारला. “फादर, हातमोजे नाहीत, मास्क नाही, आणि फोन आला. नाही म्हणालो तर पाप लागेल का?” मी बराच विचार केला. माझे मत असे आहे. रस्त्यात बाई रक्तात पडली आहे आणि जवळ काहीच नाही, तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून का होईना, तिला हात द्यावा. त्या क्षणी तिच्यासाठी दुसरे कोणी नाही. पण हे एका रात्रीचे उत्तर झाले. रोजच जवळ काही नसते आणि तरी रोज त्याने जावे असे कोणी धरून चालत असेल, तर तो चालकाच्या चांगुलपणावर दरोडा आहे. बलिदान स्वेच्छेने करता येते. दुसऱ्याकडून ते पगाराचा भाग म्हणून वसूल करता येत नाही. अशा वेळी त्याने लेखी मागणी करावी, एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून करावी, आणि मागूनही काही मिळाले नाही तर साधनाशिवायची नेहमीची फेरी नाकारण्यात पाप नाही असे मी त्याला सांगितले. माझ्याहून जाणत्या धर्मगुरूंना हे कडक वाटेल. मी ते माझ्या जबाबदारीवर लिहितो आहे.

३० मार्च २०२० पासून केंद्र सरकारने करोनाशी झुंजणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचे विमा संरक्षण लागू केले होते. ते चांगलेच होते. अनेक विधवांच्या घरी त्याने चूल पेटली. पण त्याच महिन्यांत मुलांच्या हाताला प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. माणूस मेल्यावर त्याच्या जिवाची किंमत आपल्याला लगेच करता येते. तो जिवंत असताना त्याच्या हाताचे माप मात्र कोणी घेत नाही.

आणि सरकारकडे बोट दाखवताना मला आपला जमाखर्च आठवतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मी पंधरा वर्षे प्रवचने केली आहेत, पण त्याच्या सामानाकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. त्याच्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, जखम बांधायला कापड होते, जनावर होते. आणि खाणावळवाल्याला त्याने दोन दिनार दिले, वर जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असेही सांगितले. खाणावळवाल्याने फुकट आणि आपल्या जिवावर सेवा करावी, अशी अपेक्षा त्याने धरली नाही. गेल्या सणाला आपण मंडपावर आणि बँडवर किती खर्च केला हे पाळकीय समितीच्या वहीत आहे, मी येथे लिहीत नाही. शंभर हातमोजांचा डबा काहीशे रुपयांना येतो.

त्या मुलाला मी पुन्हा भेटलो आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. दोष असेल तर तो माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही, असे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “फादर, मग आता गाडीत काय काय ठेवायचं?” आम्ही बसून यादी केली.

जीपच्या मागच्या सीटखाली आता निळ्या झाकणाचा डबा आहे. त्यात तीन मापांचे हातमोजे, एन-९५ मास्क, रोग्यांसाठी साधे मास्क, दोन गाऊन, चष्मे, साबण, पिवळ्या व लाल पिशव्या, सुयांसाठी न भोसकणारा पांढरा डबा आणि एक टक्का हायपोक्लोराइटची बाटली आहे. सांडलेल्या रक्तावर ते ओतून अर्धा तास ठेवायचे आणि मगच पुसायचे. पाचही तरुणांचे काविळीच्या लसीचे दोन डोस झाले, तिसरा बाकी आहे. जे चौघे झोळी आणतात त्यांनीही हातमोजे मागून घ्यावेत, त्यांच्यासाठीच ते आहेत. डब्याची किल्ली त्या मुलाकडे असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर तो डबा उघडून मोजतो. मोठ्या मापाचे हातमोजे संपले आहेत. या आठवड्यात कोणी नाशिकला जाणार असेल तर त्याला किंवा मला सांगावे.

तुमचा,
फादर